बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

"नवीन बॅटरी टाकली, आठ दिवस गाडी झकास चालली, नवव्या दिवशी हॉर्न बसला. बॅटरीवाला म्हणतो, गाडीत चार्जिंग येत नाही. मिस्त्री म्हणतो, बॅटरीच डुप्लिकेट आहे. आता कोणाचे ऐकू?" जुनी बुलेट, जावा, येझदी किंवा राजदूत सांभाळणारे वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा भागातले वाचक थोड्याफार फरकाने हेच विचारतात. काहींच्या तर वर्षभरात तीन बॅटऱ्या झाल्या आहेत.

बॅटरी ही टाकी आहे, हे एकदा मनात पक्के करा. शेतातली टाकी भरत नसेल तर तुम्ही टाकी बदलत नाही. आधी मोटर पाणी फेकते का ते पाहता, मग पाइप कुठे फुटला ते शोधता. गाडीतही तसेच आहे. डायनॅमो किंवा आल्टरनेटर ही मोटर, वायरिंग हा पाइप. पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह म्हणजे रेक्टिफायर किंवा कटआउट. टाकी भरत आली की धार कमी करणारा म्हणजे रेग्युलेटर. यातले नेमके काय बिघडले हे मापाशिवाय कळत नाही, आणि ते माप तुम्ही स्वतः अंगणात घेऊ शकता. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. बॅटरीच्या आधी तो घ्या.

आधी गाडी ओळखा

सगळ्या जुन्या गाड्यांना एकच उपाय लागू पडत नाही. तुमची गाडी खालीलपैकी कोणत्या घरातली आहे ते पाहा.

- डायनॅमोची गाडी: जुन्या जावा आणि येझदी. डायनॅमो क्रँकच्या उजव्या टोकाला, कव्हरच्या आत, प्लॅटिनम पॉइंटच्या शेजारी असतो. त्यात कार्बन ब्रश असतात आणि रेग्युलेटरचा डबा वेगळा बसवलेला असतो. चावी लावली की लाल दिवा लागतो आणि रेस वाढवली की विझतो. अगदी जुन्या बुलेटमध्येही डायनॅमोच होता.
- आल्टरनेटरची गाडी: नंतरच्या सगळ्या बुलेट. डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये क्रँकवर चुंबकाचा रोटर फिरतो आणि त्याभोवती कॉइलचा स्टेटर असतो. वीज एसी निघते, रेक्टिफायर तिची डीसी करतो. हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअर मीटर असतो.
- मॅग्नेट-कॉइलची गाडी: राजदूत आणि तिच्यासारख्या छोट्या टू-स्ट्रोक. फ्लायव्हीलच्या आत कॉइल प्लेट असते.

त्यानंतर बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, आणि तिची कोणती वायर चासीला जोडली आहे, हे पाहून वहीत लिहून ठेवा. इंग्रजी घडणीच्या काही जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असतो. म्हणजे बॅटरीची प्लस बाजू चासीला जोडलेली असते. नव्या मिस्त्रीला हे ठाऊक नसते. तो सवयीने मायनस अर्थला लावतो आणि रेक्टिफायर जागीच जळतो.

तीन मापे, दहा मिनिटे

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. टोके थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांना लावा, वायरच्या थिंबलला नको.

१. गाडी बंद, रात्रभर थांबलेली. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, ६ व्होल्टची ६.३ ते ६.४. आकडा १२.२ किंवा ६.१ च्या आसपास असेल तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे.

२. गाडी बंद, हेडलाइट चालू. मिनिटभर थांबा. आकडा थोडा उतरून स्थिर झाला तर ठीक. भरलेली बॅटरी असूनही तो घसरतच गेला, १२ व्होल्टची साडेअकराच्या खाली आणि ६ व्होल्टची साडेपाचच्या खाली आली, तर बॅटरी खरोखरच दमली आहे. बऱ्याच बुलेटमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट स्टेटरच्या एसीवर चालतो आणि गाडी बंद असताना लागतच नाही. तिथे ही चाचणी हॉर्न आणि ब्रेकलाइट दाबून करा.

३. गाडी चालू, रेस मध्यम. हे सर्वांत महत्त्वाचे माप. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५ आणि ६ व्होल्टच्या गाडीत साधारण ७ ते ७.४ आले पाहिजे. रेस वाढवूनही आकडा बंद गाडीइतकाच राहिला, तर चार्जिंग येत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत तो १५ च्या वर गेला, तर चार्जिंग जास्त येत आहे.

पहिले माप खराब आणि तिसरे चांगले, तर बॅटरी पाहा. पहिले चांगले आणि तिसरे खराब, तर बॅटरीला हातही लावू नका.

अँपिअर मीटर वाचतानाही गोंधळ होतो. "काटा मधोमधच राहतो, म्हणजे चार्जिंग बंद" असे अनेकांना वाटते. बॅटरी पूर्ण भरली की काटा मधेच येतो, ते चांगले लक्षण आहे. गाडी सुरू केल्यावर काही वेळ तो प्लसकडे झुकला पाहिजे. दिवा आणि हॉर्न एकदम लावून आयडलवर तो मायनसकडे गेला, तर घाबरू नका. रेस देऊनही तो मायनसमध्येच राहिला, तर काळजी करा.

बहुतेक वेळा वायरच असते

तिसरे माप खराब आले की मिस्त्री लगेच कॉइल उघडायला निघतो. त्याला तासभर थांबवा. माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांच्या चार्जिंगच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक वायर, थिंबल आणि अर्थ इथेच संपतात.

आमच्या घरची ६ व्होल्टची बुलेट दोन महिने अशीच छळत होती. दिवसा चार्जिंग यायचे, संध्याकाळी रिसोडच्या रस्त्याला लागले की काटा मायनसला पडायचा. स्टेटर बदलला, रेक्टिफायर बदलला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चेनकेसमधून वायर बाहेर येते तिथले रबरी बूच काढले. ते उन्हाने आणि ऑइलने दगडासारखे कडक झाले होते. त्याच्या कडेने वायरचे प्लास्टिक घासून गेले होते आणि आतली तांब्याची तार मोरचुदासारखी हिरवी पडली होती. ओढली तशी दोन तारांवर लोंबकळत राहिली. इंजिन गरम झाले की तीही सुटायची. नवे बूच, चार इंच वायर आणि सोल्डर, एवढ्यात काम झाले.

आपल्याकडे वायरिंग लवकर जाते, त्याची कारणे आपल्याच हवामानात आहेत. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा वायरचे प्लास्टिक तडकते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डखाली बसतो आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. तिथली अर्थची थिंबल गंजते. सोयाबीन घरात आले की उंदीर येतात, आणि गोठ्यात उभ्या गाडीचे वायरिंग त्यांना मऊ लागते. म्हणून पुढच्या क्रमाने तपासा:

- बॅटरीची दोन्ही टोके काढा. पांढरी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. टोके घासून, कोरडी करून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा.
- फ्यूज काढून पाहा. फ्यूजऐवजी कुणी तांब्याची तार गुंडाळली असेल तर ती आजच काढा. शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी सगळे वायरिंग जळते.
- अर्थची चाचणी: गाडी चालू, दिवा लावलेला. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अर्थ कच्चा आहे. चासी पावडर कोटिंग किंवा नवा रंग करून आणली असेल तर ही चाचणी हमखास नापास होते, कारण रंग विजेला अडवतो. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडा, किंवा बॅटरीपासून इंजिनपर्यंत एक जाड वायर वेगळी टाका.
- गळती: चावी बंद करून बॅटरीची एक वायर काढा आणि ती व तिचा खांब यांच्यामध्ये एक छोटा बल्ब धरा. जुन्या गाडीत घड्याळ नसते, सेन्सर नसतो, त्यामुळे बंद गाडीत वीज खायला काहीच नको. बल्ब किंचितही उजळला तर कुठेतरी गळती आहे. रेक्टिफायरची वायर काढल्यावर तो विझला, तर चोर सापडला.

आल्टरनेटरची गाडी: पुढची पायरी

वायरिंग ठीक निघाले तर स्टेटरच्या वायरी रेक्टिफायरपासून सोडवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि गाडी चालू करून जोडीजोडीने मोजा. रेस वाढेल तसा आकडा सरळ चढत गेला पाहिजे. १२ व्होल्टच्या गाडीत मध्यम रेसला तो साधारणपणे वीसच्या पुढे जातो. चढत नसेल तर गाडी बंद करून ओहम मोजा. चांगल्या कॉइलचा अडथळा अगदी कमी, एक-दोन ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

एसी नीट येत असूनही बॅटरीपर्यंत डीसी पोचत नसेल, तर रेक्टिफायर गेला. जुन्या बुलेटमध्ये सेलेनियमच्या चौकोनी पत्र्यांचा रेक्टिफायर असायचा. तो वयानेच थकतो. त्याच्या जागी छोटा सिलिकॉन ब्रिज बसवणे हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे, फक्त अर्थची बाजू पाहूनच जोडा. सेलेनियमचा रेक्टिफायर जळताना घाणेरडा वास येतो. तो धूर विषारी असतो, नाकाशी नेऊ नका.

चेनकेस उघडलेच आहे तर रोटर आणि स्टेटरमधली फट चारही बाजूंनी सारखी आहे का पाहा. साधारण ०.२ मिलिमीटरची पट्टी सगळीकडून फिरली पाहिजे. एका बाजूला रोटर घासल्याची चमक दिसली तर क्रँकचे बेअरिंग ढिले असू शकते. तेव्हा नुसता स्टेटर बदलून काही होणार नाही.

राजदूतसाठीही क्रम हाच आहे. आधी कॉइलची एसी, मग रेक्टिफायर. फक्त तिथे कॉइलचे एक टोक मुळातच अर्थला असू शकते. ते पाहून "कॉइल शॉर्ट आहे" असा निकाल देऊ नका.

डायनॅमोची गाडी: ब्रशपासून सुरुवात करा

जावा-येझदीचा लाल दिवा रेस देऊनही विझत नसेल तर उजवे कव्हर काढा. ब्रश त्यांच्या खाचेत मोकळे सरकतात का, ते झिजून आखूड झालेत का, स्प्रिंग दाब देते का, एवढे पाहा. मग ज्यावर ब्रश घासतात तो तांब्याचा कम्युटेटर पाहा. तो काळा, तेलकट असेल तर पेट्रोलचा बोळा फिरवून पुसा आणि पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत चावी लावू नका. पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची भुकटी भरलेली असते, ती लाकडी काडीने कोरून काढा. क्रँकचे ऑइल सील गळत असेल तर आतले तेल ब्रशवर येत राहते. ते बदलल्याशिवाय ही सफाई महिनाभरही टिकत नाही.

चावी लावल्यावर लाल दिवा लागतच नसेल, तर आधी त्याचा बल्ब पाहा. गेलेल्या बल्बमुळे चार्जिंग बंद असल्याचे कळतही नाही.

रेग्युलेटरच्या जुन्या डब्यात पॉइंट असतात. त्यांतला कटआउटचा पॉइंट चिकटला की गाडी बंद केल्यावरही बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत जाते. वायर तापते आणि जळका वास येतो. अशा वेळी काहीही करण्याआधी बॅटरीची वायर काढा. पॉइंट घासून चालू करता येतात, पण रोज चालवायची गाडी असेल तर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या डब्याच्या आत बसणारे मिळतात, गाडीचे रूप बदलत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. सुरुवातीच्या जावांचा डायनॅमो ४५ वॉटच्या आसपासचा आहे. त्यावर ३५ वॉटचा हेडलाइट, मागचा दिवा आणि इग्निशन कॉइल चालते. म्हणजे सगळे ठीक असूनही जमाखर्च जेमतेम बसतो. गावातल्या गावात, दिवा लावून, सतत ब्रेक दाबत फिरणाऱ्या जावाची बॅटरी उतरणारच. तिला आठवड्यातून एकदा तीस-चाळीस किलोमीटर मोकळ्या रस्त्याने न्या, किंवा टेललाइट आणि इंडिकेटरला एलईडी बल्ब लावा. जास्त वॉटचा हॅलोजन मात्र लावू नका.

चार्जिंग जास्त येत असेल तर

बल्ब वारंवार उडतात, बॅटरीचे पाणी आठवड्यात खाली जाते, सीटखाली कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिसरे माप घ्या. आकडा पंधराच्या वर असेल तर रेग्युलेटर बदला. तोवर गाडी चालवू नका, कारण फुगलेल्या बॅटरीतला वायू ठिणगीने पेटतो.

हे करू नका आणि करू देऊ नका

- इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग बघणे". ही पद्धत सर्रास चालते. त्यात व्होल्टेज उसळते आणि बल्ब, रेग्युलेटर, असल्यास सीडीआय, सगळे एका क्षणात जाते.
- बॅटरीची दोन टोके तारेने टेकवून ठिणगी पाहणे.
- तुमची छोटी बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या रांगेत चार्जिंगला लावणे. रांगेतल्या सगळ्यांतून सारखाच करंट जातो. नियम असा की बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाने चार्ज करावे. १४ अँपिअर-तासाच्या बॅटरीला १.४ अँपिअर, ५ च्या बॅटरीला अर्धा अँपिअर. ट्रॅक्टरच्या मापाने चार्ज केलेली नवी बॅटरी पहिल्याच दिवशी अर्धी मरते.
- ॲसिड भरून लगेच गाडीला लावणे. कोरड्या नव्या बॅटरीत ॲसिड टाकल्यावर अर्धा तास थांबा आणि पहिले सावकाश चार्जिंग पूर्ण करा. नंतर फक्त डिस्टिल वॉटर घाला, बोअरचे पाणी कधीच नाही.
- फ्रेमला वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली ठेवणे.

दुरुस्ती, रिवाइंडिंग की १२ व्होल्ट?

स्टेटर किंवा डायनॅमोचे आर्मेचर जळले असेल तर रिवाइंडिंग हा चांगला पर्याय आहे. अकोल्यापर्यंत जावे लागले तरी जा. पण वाइंडरला जुनी तार किती गेजची आणि वेढे किती हे मोजूनच काम करायला सांगा, आणि चेनकेसमधला स्टेटर असेल तर तेल व उष्णता सोसणारे वॉर्निश मागा. बुलेटचे सुटे भाग अजून सहज मिळतात. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव २०१८ ला आणि येझदी २०२२ ला नव्याने बाजारात आले, पण त्या गाड्या वेगळ्या आहेत. नव्या शोरूममध्ये जुन्या गाडीचा डायनॅमो शोधायला जाऊ नका.

६ चे १२ व्होल्ट करावे का? रात्री नियमित चालवत असाल तर करा. बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल, रेग्युलेटर सगळे बदलावे लागते, हा खर्च आधी जोडून पाहा. काढलेले मूळ भाग मात्र भंगारात देऊ नका, डब्यात ठेवा.

बिल, हमी आणि तुमचे हक्क

बॅटरी घेताना तारीख टाकलेले बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्या. बॅटरीवरचा नंबर त्यावर आहे का तपासा. बिल द्यायला नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा असते, त्यामुळे तिच्यातल्या त्रुटीची तक्रार करता येते. काढलेला जुना स्टेटर किंवा रेक्टिफायर परत मागा. काम सुरू होण्याआधी आणि नंतर चार्जिंगचे व्होल्टेज बिलावर लिहून घ्या. त्या दोन आकड्यांपुढे वादाला जागा राहत नाही.

दाद मिळाली नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत देऊन तिची किंमत वळती करून घ्या. शिसे आणि ॲसिड उकिरड्यावर जाऊ नये.

नोंदणीच्या तपासणीत दिवा महत्त्वाचा

पंधरा वर्षांनंतर दुचाकीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि तपासणीत दिवे, ब्रेकलाइट, हॉर्न पाहिले जातात. चार्जिंगचा दोष त्या आधी काढा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या गाड्यांची नोंद अकोल्याची आहे, त्यामुळे कागद हाताशी ठेवून एमएच-३७ च्या कार्यालयात जा.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीचा पर्याय आहे. 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि वैधता दहा वर्षे. पण मग ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. शिवाय चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवे. दूध घालायला किंवा शेतात जायला गाडी वापरत असाल तर साधे नूतनीकरणच करा.

रस्त्यात चार्जिंग गेले तर

समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आपल्या गाड्या कारंजा-शेलूबाजार-मालेगावच्या जुन्या रस्त्यानेच धावतात. तिथे भर दुपारी काटा मायनसला पडला तर घाबरू नका. हिशेब सोपा आहे. ६ व्होल्टवर ३६ वॉटचा हेडलाइट ६ अँपिअर खातो, इग्निशन कॉइल साधारण तीन-चार. भरलेली १२ अँपिअर-तासाची बॅटरी दिवा न लावता तुम्हाला दोन-तीन तास नेते, दिवा लावून जेमतेम तासभर. म्हणून दिवा आणि हॉर्न बंद ठेवा, गाडी मध्येच बंद करू नका आणि उजेडात घर गाठा. संध्याकाळ झाली असेल तर बिनदिव्याची गाडी रेटू नका. जवळच्या गावात ओळखीच्या घरी किंवा ढाब्यावर गाडी उभी करा, बॅटरीची एक वायर सोडवून ठेवा आणि एसटीने घरी या. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला जाताना चार्ज केलेली बॅटरी, मीटर, पक्कड, इन्सुलेशन टेप, दोन फ्यूज आणि हातभर वायर सोबत न्या.